नावाड्याचा हात

माईंनी लिंबांची टोपली उलटी केली. एक सुकलेलं पान तेवढं खाली पडलं.

“संपली! घरातल्या माणसांना सरबताला थेंब मिळत नाही, आणि तिकडे चौकात पुतळ्याचे लाड चाललेत. ही सून माझी आहे की त्या नावाड्याची?”

धाकट्याने हातोडी थांबवली. “जाऊ दे ना, आई. वहिनी कुणाचं काय वाईट करते?”

“तू ठोकत राहा. तुझं तोंड चाललं की पत्रा वाकडा जातो.”

पायांत चपला सरकवून माई निघाल्या. रस्ताभर पुटपुटणं चालूच होतं. तांबटाच्या घरात इतकी वर्षं काढली, आणि थोरलीला अजून तांबं कळू नये? स्वयंपाकातलं भांडं घासायचं असतं, उघड्यावरचं तांबं नाही. ते आधी विटतं, मग काळवंडतं, मग समुद्राचा खारा वारा खाऊन खाऊन हिरवं होतं. त्या हिरव्याने एकदा नीट धरलं, की आतलं तांबं सुखरूप. वादळात माणसं वाचवायला गेलेल्या नावाड्यांच्या आठवणीत घरच्यांनीच ठोकून घडवलेला हा पुतळा उभा राहिला, त्या दिवशीच मालकांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं, याला आता हात लावायचा नाही, याला म्हातारं होऊ द्यायचं.

पुढे मालकही गेले. त्यांच्या आधी थोरला गेला, पुतळा उभा राहिला त्याच वर्षी, साध्या तापाने. तेव्हा नावाडी निखाऱ्यासारखा लाल होता.

आता तो टोपीपासून पायांपर्यंत हिरवा झाला होता. वल्ह्यावर टेकलेला उजवा पंजा तेवढा लखलखत होता. परीक्षेला निघालेली पोरंसुद्धा हल्ली त्याला हात लावून जात. थोरली स्टुलावर उभी राहून अर्धं लिंबू मिठात बुडवत होती.

“खाली उतर.”

“आई, तुम्ही? एवढ्या उन्हात?”

“उन्हाचं मला सांगू नकोस. लोक विचारतात, तुमची सून नावाड्याला रोज आंघोळ घालते, जेवायला कधी बोलावताय?”

थोरली हसली नाही. ती उतरली आणि लिंबू मुठीत धरून उभी राहिली.

“हा हात ह्यांनी ठोकलेला आहे,” ती हळूच म्हणाली. “हे गेले तेव्हा असाच लाल होता. असा ठेवला की वाटतं, फार दिवस झाले नाहीत.”

माईंनी स्टुलाचा आधार घेऊन पंजाकडे हात वर केला.

थोरला डावखुरा. घरातल्या सगळ्यांच्या हातोडीचे ठोके पत्र्यावर एका अंगाला कलत, त्याचे दुसऱ्या. माईंना अक्षरं जेमतेम लागत, पण हा कल त्यांच्या बोटाला डोळे मिटूनही कळे. त्यांनी नावाड्याच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. अंगठा गुळगुळीत होता. त्याच्या शेजारचं बोटही तसंच. बोटांचे सांधे ओढ्यातल्या गोट्यांसारखे. माईंनी आपलं बोट पुसून पुन्हा फिरवलं. तिथे काहीच लागत नव्हतं. लिंबाने आणि मिठाने पोराचा एकेक ठोका कधीच उगाळून नेला होता.

मग त्या मनगटाकडे सरकल्या. तिथून हिरवं सुरू होत होतं. त्या खरबरीत सालीखाली ठोके लागले, दाटीने बसलेले, सगळे त्याच्या बाजूला कललेले, त्याने सोडले होते तसेच. माई ते मनगट धरून उभ्या राहिल्या. शेजारून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“ठोके लागतात का हो, आई?” थोरलीने विचारलं. “मला मेलीला काही कळत नाही. चकाकतं तेवढंच दिसतं.”

माईंनी तिच्याकडे पाहिलं. लिंबाने तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून चिरली होती.

“लागतात,” माई म्हणाल्या.

“सगळे?”

“सगळे.”

थोरलीचा चेहरा किती दिवसांनी असा मोकळा झाला. ती उत्साहाने पुन्हा स्टुलावर चढली.

“आज मनगट घ्यायचं ठरवलंय. मग हळूहळू कोपरापर्यंत जाईन. तिथपर्यंत ह्यांचंच काम ना? सगळा हात कसा उजळून निघेल बघा.”

तिने लिंबू मनगटाशी नेलं. माईंनी तिचा हात मध्येच पकडला, इतका घट्ट की थोरली कळवळली.

“बोटं तुझी,” माई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कडक होता. “ती तुला दिली, हवी तेवढी घास. पण मनगटापासून वर तो माझा आहे. तिकडे तू हात लावायचा नाहीस.”