दोनच गोल

माझ्याकडे स्वॅब देताना कुणी ओरडत नाही. ही फुशारकी नाही, आमच्या लॅबच्या दारात येणारे लोकच विचारतात, "त्या हलक्या हाताच्या बाई आहेत का आज?" काडी नाकात किती आत घालायची, कुठे थांबवायची, किती फिरवायची, हे मला डोळे मिटून जमतं. दोन वर्षं दुसरं केलंय तरी काय? दिवसाला शंभर नाकं. घरी आले की नवऱ्याच्या चेहऱ्यावरही मला आधी नाकच दिसायचं.

त्यामुळे शाळेने घरी कोरोनाची टेस्ट करायची पाकिटं वाटली तेव्हा मी जरा तोऱ्यातच होते. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मुलांची टेस्ट करायची, निकाल डायरीत लिहायचा, खाली सही करायची आणि मगच मूल शाळेत पाठवायचं, असा नियम होता. इतर आया फोन करून विचारायच्या, "अहो, किती आत घालायची हो? पोरगं हात धरतं माझा." मी पाय हलवत, ऐटीत सांगायचे.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, दुसरीत. तिचा बाबा तिला मास्तरीण म्हणतो, कारण ती सगळं मोजते. जिन्याच्या पायऱ्या, ताटातले मटार, मी दिवसातून किती वेळा "आत्ता आले" म्हणते ते. टेस्टची भीती वाटू नये म्हणून मी मोजायचं काम तिच्यावरच सोपवलं होतं. प्रत्येक नाकपुडीत काडीचे पाच गोल. नाकात काडी असताना ती नाकातल्याच आवाजात मोजायची, "एक गोल, दोन गोल..." आणि पाच झाल्याशिवाय मला सोडायची नाही. धाकट्याची, म्हणजे पाच वर्षांच्या बारक्याची टेस्ट असली की त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोजायची. एकदा मी घाईत चारवर काडी काढली तर बाईसाहेबांनी पुन्हा घालायला लावली होती.

त्या बुधवारी संध्याकाळी ती शिंकली. एकदा, दोनदा, मग मोजायचं मी सोडून दिलं. अंग किंचित कोमट लागत होतं. नाक वाहत होतं.

नवरा ओट्याशी भांडी पुसत होता. तो हॉटेलात आचारी होता. हॉटेल बंद पडलं आणि तो अकरा महिने घरी बसला. त्या अकरा महिन्यांत त्याने आमच्या कपड्यांच्या इतक्या नीटनेटक्या घड्या घातल्या की कपाट उघडलं की मला रडू यायचं. आता एका बेकरीत पंधरा दिवस बघून मग ठेवू, असं मालक म्हणाला होता. त्यातले तीन दिवस झाले होते. मालकाचा नियम एकच होता. घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर घरीच बसायचं. आणि त्या जागेवर दुसरा माणूस उभा राहणार, हे न सांगता कळत होतं.

"साधी सर्दी असेल," तो म्हणाला.

"असेल."

"उद्या गुरुवार ना?"

"हो."

त्याने एकच पातेलं तीनदा पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "नाही केली टेस्ट तर? नुसतं लिहून टाकलं डायरीत? कोण बघायला येतंय घरी?"

मी असली भडकले त्याच्यावर! रोज शंभर लोकांना मी नियम शिकवते आणि स्वतःच्या मुलीची टेस्ट न करता सही ठोकू? उद्या त्या वर्गात कुणाला काही झालं तर? लाज कशी वाटत नाही तुला असं बोलायला? असं बरंच बोलले. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं बाई, कर. जे होईल ते होईल. तुझं काम आहे, तुलाच कळतं."

ते भाषण आजही आठवलं की मला माझ्याच तोंडात मारावंसं वाटतं.

सकाळी त्याने बेकरीचा पांढरा कोट चढवला. आदल्या दिवशी त्याने तो स्वतः धुऊन इस्त्री केला होता. आरशासमोर उभा राहून कॉलर बसवताना तो शीळ घालत होता. अकरा महिन्यांनी शीळ. मी पाकीट फाडलं, मुलीला बाथरूममधल्या स्टुलावर बसवलं आणि दार लोटून घेतलं.

मी ठरवून केलं का? हो. त्या क्षणी हात आपोआप तसा चालला असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते, पण माझा हात कधीच आपोआप चालत नाही. काडी किती आत घातली की निकाल खरा येतो हे मला ठाऊक होतं, म्हणजे किती आत घातली नाही की खोटा येऊ शकतो तेही ठाऊक होतं. मी काडी नाकपुडीच्या कडेला टेकवली. आदल्याच मिनिटाला नाक स्वच्छ पुसून घेतलं होतं. दोन गोल फिरवले आणि काढली.

"आई, दोनच झाले," ती म्हणाली.

"आज दोनच असतात."

"का?"

"बाबांना कामावर जायचंय ना. उशीर होतोय."

तिने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या नाकपुडीतही दोनच. मग बारक्याचेही दोनच, कारण आता मास्तरणीसमोर नियम सारखा ठेवायला हवा होता. पंधरा मिनिटांनी दोघांच्याही पट्ट्यांवर एकेकच रेघ. मी छान अक्षरात "निगेटिव्ह" लिहिलं आणि सही केली. न करता खोटं लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून मी टेस्टच खोटी केली. नवऱ्याला पट्ट्या दाखवल्या तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. "बघ, तू म्हणालीस तेच बरोबर होतं," तो म्हणाला. "उगाच घाबरलो मी."

तिची सर्दी रविवारपर्यंत गेली. घरात बाकी कुणाला काहीच झालं नाही. मी म्हटलं, सुटलो. बाबांच्या कामाच्या दिवशी दोनच गोल, हा नियम मात्र मास्तरणीने तेव्हापासून धरून ठेवला.

मंगळवारी लॅबमध्ये खुर्चीवर येऊन बसल्या त्या शाळेच्या मावशी. दुसरीच्या वर्गात मुलांचे डबे उघडून देणाऱ्या, बुटांच्या नाड्या बांधणाऱ्या, शी-शूला नेणाऱ्या. साठीच्या आत-बाहेरच्या असतील. मला बघून त्यांना केवढा आनंद झाला. "तुम्हीच घ्या हो बाई माझं. तुमचा हात हलका आहे, तुमची लेकच सांगते वर्गात सगळ्यांना."

"कधीपासून बरं नाही?" मी विचारलं. विचारावंच लागतं, फॉर्मवर रकाना असतो.

"काल सकाळपासून अंग मोडून आलंय. वर्गातली चार पोरं आजारी आहेत ना. आता पोरं माझ्याच पदराला नाकं पुसतात, त्यांना काय बोलायचं?" त्या हसल्या आणि खोकल्या. "तुमची मास्तरीणसुद्धा गुरुवारी किती शिंकत होती! मी म्हटलं, बये, घरी बस. तर म्हणते, माझी टेस्ट झालीय."

मी काडी आत घातली. अगदी हवी तिथपर्यंत. पाच गोल, एकही कमी नाही. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

त्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. चौथ्या दिवशी त्यांना दवाखान्यात ऑक्सिजन लावला. सोळा दिवस होत्या तिथे. कुणाकडून लागलं हे कुणालाच सांगता येत नाही, हे वाक्य मी लॅबमध्ये हजार लोकांना सांगितलं असेल, आणि ते खरंच आहे. त्या वाक्याच्या आडोशाला मी दोन महिने बसून काढले. नवरा बेकरीत कायम झाला. तो घरी ताजा ब्रेड आणायचा आणि तो माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

मावशी परत आल्या, पण धाप घेऊन आल्या. त्यांना वाकता येईना. मग शाळेने त्यांना खुर्ची दिली आणि समोर एक स्टूल ठेवलं. मुलं स्टुलावर पाय ठेवायची आणि मावशी बसल्या बसल्या नाड्या बांधायच्या, प्रत्येक गाठीनंतर थांबून. माझी मुलगी घरी येऊन सांगायची, "आज मावशी सात वेळा थांबल्या."

त्यातच मुख्याध्यापिकेचा फोन आला. पालक घरी टेस्ट नीट करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. "तुमच्यासारखं जाणतं माणूस आपल्या शाळेत आहे. शनिवारी हॉलमध्ये करून दाखवाल का? तुमची मुलगी शहाणी आहे, तिच्यावरच दाखवा."

नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि खरं कारण सोडून दुसरं एकही सुचलं नाही.

शनिवारी हॉल भरला होता. पन्नासेक पालक. पहिल्या रांगेत नवरा बारक्याला मांडीवर घेऊन बसला होता, त्याची सुट्टी होती. दारापाशी आपल्या खुर्चीत मावशी. मी हातमोजे घातले, काडी उंच धरून दाखवली, आणि माझा तो लॅबमधला आवाज लावला. "इतकी आत. घाबरायचं नाही. आणि आता गोल फिरवायची."

"एक गोल," मास्तरणीने सुरू केलं. लोक कौतुकाने हसले. "दोन गोल." मी फिरवत राहिले. "तीन गोल," ती म्हणाली, आणि थांबली. मी पाच पूर्ण करून काडी काढली. तिने नाक चोळलं आणि नीट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आज बाबांना सुट्टी आहे म्हणून पाच का?"

"म्हणजे गं काय?" वर्गाच्या बाईंनी हसत विचारलं.

"बाबांना कामावर जायचं असलं की दोनच असतात. मला सर्दी झाली होती तेव्हा आईने दोनच केले."

माझे कान तापले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळताना मला दिसलं. शीळ, पट्ट्या, माझं ते भाषण, सगळं.

तेवढ्यात दाराकडून मावशी बोलल्या. "अहो, लेकरू आहे ते. मोजायला चुकलं असेल." त्यांनी श्वास घेतला. "हिच्या आईसारखा हात नाही कुणाचा. माझं केलं ना त्यांनी, पाचच केले."

सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी हसलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "मुलं काय, काहीही बोलतात." मला फक्त हसायचं होतं. मानेने हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

मुलीचा ओठ थरथरायला लागला होता. ती माझ्याकडे बघत होती. तिला काहीही म्हटलेलं चालतं, पण मोजायला चुकली असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"ती चुकली नाही," मी म्हणाले. आवाज लॅबमधला राहिला नव्हता. "तिला मोजता येतं. मी दोनच केले होते. मुद्दाम. ती आजारी आहे हे मला कळत होतं, आणि मी तिला शाळेत पाठवलं."

मागे एक खुर्ची सरकली. बारक्याने बाबाला काहीतरी विचारलं.

मास्तरणीने बाहीला डोळे पुसले, स्टुलावर ताठ बसली आणि म्हणाली, "आई, दुसरी नाकपुडी राहिलीय."

मी काडी घातली. ती मोजायला लागली. आता तिच्याबरोबर कुणी हसलं नाही. हॉलमध्ये फक्त तिचे आकडे आणि दारापाशी मावशींची धाप, एवढंच ऐकू येत होतं. पाच झाले तेव्हा तिने समाधानाने मान हलवली. दाराकडे बघायचं धाडस मला झालं नाही.