काठावर थिजलेल्या बाई

अमरावतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या हर्षानं माणिकबाईंच्या चरित्राचं पहिलं प्रकरण एका बैठकीत लिहून काढलं होतं. माणिकबाईंनी अकोल्यात मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला. त्या गेल्यावर जुन्या खेळाडूंनी पुस्तकाचं काम हर्षावर सोपवलं. सुरुवात तिला शोधावी लागलीच नाही. कौंडण्यपूरच्या यात्रेत संघासोबत गेलेली असताना ती लहानपणी वर्धा नदीत बुडता बुडता वाचली होती, आणि दंडाला धरून ओढणारा बाईंचा हात तिला लख्ख आठवत होता.

संघाची तेव्हाची कप्तान संध्या अकोल्यातच जठारपेठेत राहायची. हर्षानं तिला प्रकरण वाचून दाखवलं. संध्या आधी चुळबुळली, मग पदर सारखा करत म्हणाली, "हर्षे, बाईले पोहताच येत नव्हतं. तुले मी काढलं."

बाई काठाशीच गुडघाभर पाण्यात आल्या आणि तिथंच थिजल्या, असं तिनं सांगितलं. नंतर मात्र हर्षाला छातीशी धरून त्या गाडीत बसल्या, घर येईपर्यंत सोडलं नाही.

"मंग इतकी वर्षं बोलली काहून नाही, ताई?"

"तू इतक्या खुशीनं सांगायची. मले वाटलं, राहू दे."

परतीच्या गाडीत हर्षाला बसवेना. तिनं संघातल्या दोघी-तिघींना फोन लावले. एकीला बाई आठवत होत्या, एकीला संध्या, तर एक म्हणाली, नावाड्यानं काढलं. पुढचे काही दिवस वर्गातही तिचं लक्ष लागेना. आपलीच आठवण खोटी, तर बाकीच्या पुस्तकाचा काय भरवसा?

शेवटी ती बाईंच्या मुलाला, शेखरला भेटली. त्याला नदीचं काहीच ठाऊक नव्हतं. पण त्या यात्रेनंतर आई पोहायला शिकली, हे त्याला आठवत होतं. पन्नाशीला आलेली बाई लहान पोरांच्या रांगेत पोहण्याच्या टाकीवर उभी राहायची, पोरं हसायची. पाण्याला इतकी भिणारी आई हे काहून करते, ते तिनं घरात कोणालाच सांगितलं नाही.

हर्षानं ते प्रकरण फाडलं. 'बाई काठावर थिजल्या' हे वाक्य तिनं दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. ते लिहितानासुद्धा दंडावर हात बाईंचाच जाणवत होता, आणि तेही तिनं लिहून टाकलं. मग संध्याचं नाव घातलं, पोहण्याची टाकी घातली, आणि पानं अकोल्याला संध्याकडे पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याचा फोन आला. बाईंना हे आवडलं असतं का, हर्षानं विचारलं.

"आधी रागावली असती," संध्या म्हणाली. "चार दिवस बोलली नसती तुह्याशी. पण पोहायले शिकली ते वाचून मी रडली, हर्षे. मलेबी ठाऊक नव्हतं."