नळाचा घसा

नळ गुरगुरला आणि दीपमालाचं भूत वाया गेलं.

डोक्यावरून गोधडी घेऊन, मोबाइलसमोर श्वास रोखून ती बसली होती. पुंडलिकनगरातल्या त्या खोलीत शांतता काय ती गोधडीखालीच. पण आठवड्यानं पाणी आलं होतं, आणि पाण्याआधी पाइपातली हवा 'घर्र... घर्रर्र' करत निघाली. तिनं रेकॉर्डिंग थांबवून बादली लावली आणि स्वतःशीच हसली. हा आवाज तर ती या नळाकडूनच शिकली होती.

जपानी, कोरियन, थाई भुतांचे सिनेमे मराठीत आणणाऱ्या एका चॅनलसाठी ती घरबसल्या आवाज द्यायची. तोंडावर केस सोडून सरपटणारी कुठलीही बाई असो, तिथला सुयश हिलाच फोन करायचा.

"ताई, हा घसा आणला कुठून? आमची मम्मी हेडफोन टाकून पळाली!"

"आमच्याकडं फुकट येतो, आठवड्यातून एकदा."

आजची बाई जपानी. नवऱ्यानंच जीव घेतलेली, आता त्याच्या बंद दाराशी आलेली. सुयशनं लिहून पाठवलेलं वाक्य साधंच होतं : 'दार उघड.'

ते दार दीपमालाच्या ओळखीचं होतं. लेक सायली सहा महिन्यांची असताना नवऱ्यानं, विश्वजीतनं, हिला असंच जिन्यात काढलं होतं. आतून कडी घातली आणि असलाच एक सिनेमा मोठ्यानं लावला. आत लेक दुधासाठी टाहो फोडत होती, बाहेर हिचा गाऊन दुधानं भिजला होता. केस सुटलेले, हातानं दार बडवणं चालूच. शेजारच्या भागूबाई बघायला आल्या, तसा आतून विश्वजीत खिदळला, "वाजव, वाजव! भुताला दार उघडत नसतेत."

पुढं कोर्ट झालं, वेगळं राहणं झालं. ते वाक्य मात्र तिच्या आत कडी लावून बसलं होतं.

आणि असला एकही सिनेमा विश्वजीत सोडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बादली भरली. नळ बंद करून ती पुन्हा गोधडीत शिरली. घसा आवळून, अगदी हळू बोलली, "वाजवते मी... वाजवते. भुताला दार उघडत नसतेत ना?"

रेकॉर्डिंग पाठवलं, तसा सुयशचा लगेच फोन. "ताई, हे आपल्या स्क्रिप्टात नाय. पण लई भारी. काटा आला अंगावर."

"ठेव मग. एक अक्षर काढू नको."

सिनेमा आला. भाकऱ्या थापताना ती गुणगुणू लागली. शेंद्र्याच्या कंपनीतून दमून आलेला विश्वजीत, सोफ्यावर पसरलेले पाय, आणि मग ते वाक्य. त्याचा चेहरा ती मनात पुन्हा पुन्हा लावून बघायची. रविवारी सायली बापाकडं असते, हे काही ती विसरली नव्हती. पण पोरीसमोर तो असलं लावणार नाही, एवढा भरवसा तिनं कशाच्या जोरावर धरला, कोण जाणे.

रविवारी संध्याकाळी सायली आली. ताटातला भात नुसता चिवडत बसली. मग म्हणाली, "पप्पा लई घाबरले आज."

दीपमालानं विचारलं, "कशाला गं?"

"टीव्हीतल्या भुताला. रिमोटच पडला हातातून. मग दाराला कडी लावली. वरची पण."

दीपमालाच्या छातीत काहीतरी गोड गोड पसरलं. कितीतरी वर्षांनी. "मग? अजून काय केलं त्यांनी?"

"मी नाय घाबरले. मी आवाज ओळखला ना. मी म्हटलं, पप्पा, दार उघडा, आपली मम्मी आलीय बाहेर." सायलीनं ताट बाजूला सरकवलं. "त्यांनी उघडलंच नाय. मी कितीदा म्हटलं. लई रडले मी."

दीपमालानं खरकट्या हातानंच तिला कुशीत ओढलं. पोरीनं वर पाहिलं, आईच्या गळ्यावर बोटं ठेवली आणि हळूच दाबून बघितली.

"मम्मी, मेल्यावरच भूत होतं ना?"

"हं."

"मग तू कधी मेली?"