करवंटीतल्या किडी

सत्त्याण्णव साली किन्हवलीच्या सकुबाईच्या अंगणात गाव परातीवर वाकून बघत होतं. पाण्यात पांढऱ्या, वाकड्या किडी तरंगत होत्या. सकुबाईच्या नातीच्या, सहा वर्षांच्या स्नेहलच्या कानातून त्या काढल्याचं मुरबाडकडून आलेला कोंडूबाबा सांगत होता.

परातीत पाणी, पाण्यात दगड, दगडावर तापवलेला लोखंडी नाल. त्यावर मंतरलेलं बी टाकून मडकं पालथं घालायचं आणि मडक्याच्या भोकातून नळीनं कानात धूर सोडायचा. विद्या म्हणाल तर एवढीच, पण जिभेला हाड नव्हतं. "पोरीचा सर्दीचा ताप म्याच उतरवला. त्याचा राग धरून किडी कानात बसल्या. ही जाडी हाय ना, ती त्यांची राणी."

डॉक्टर संघरत्ना गावातलीच. राणीचं ऐकून तिच्या मस्तकात तिडीक गेली. स्नेहलच्या कानामागं लालबुंद सूज होती, पोर तापानं फणफणली होती.

"सकूआजी, पू हाडात शिरलाय. उद्या मेंदूत जाईल. आत्ताच ठाण्याला नेऊ."

"थांब गो. किडी निघतात ना? आमी काय आंधळी हाव?"

संघरत्नानं वाद घातला नाही. तिनं परातीतलं पाणी बदललं, नाल पुन्हा तापवला, कोंडूच्या पुरचुंडीतलं बी त्यावर टाकून मडकं घातलं आणि नळीच्या टोकाला चुलीजवळची रिकामी करवंटी धरली. तडतड झाली. मडकं उचललं तर पाण्यात तशाच किडी.

सकुबाईनं कोंडूकडं बघितलं. "करवंटीलाबी सर्दी झाली व्हती काय रे?"

"नारळातबी जीव असतोय," कोंडू पुटपुटला आणि पुरचुंडी आवळू लागला. लाज तेवढी त्याला झाकता आली नाही.

"हे रानातल्या काटेरी रिंगणीचं बी," संघरत्ना म्हणाली. "तापलं की फुटतं, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. सर्दीचा विषाणू आपला आपणच जातो, या बाबानं काय केलं? पण जाण्याआधी तो नाकाचं अस्तर खराब करतो. मग एरवी नाकात गप्प बसलेले जंतू माजतात, नाकामागच्या नळीतून कानात चढतात. पू त्यांच्यामुळं झालाय."

त्याच दुपारी जीप ठाण्याला निघाली. स्नेहल वाचली. धुरात आणि मंत्रात वेळ गेला, म्हणून तो कान मात्र कायमचा गेला.

कोंडू पुढं मुरबाडच्या बाजारात बसला. तिथंही गर्दी झाली. सकुबाई पिशवीत करवंटी घालून एसटीनं गेली आणि गर्दीत घुसून ती कोंडूपुढं धरत म्हणाली, "बाबा, पयली कीड हिच्यातली काढ."

कान सडवणारे जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कुणी ते परातीत दाखवायला लागला, तर पोराला डॉक्टरकडं न्या आणि त्या दाखवणाऱ्यापुढं करवंटी ठेवा.