भाद्रपदातला नाताळ

प्रेमा सहा वर्षं दमणच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या सेवेला होती. बाई घरात पोर्तुगीजच बोलायच्या, त्यामुळे प्रेमाच्या जिभेवरही ती भाषा बसली. बाई गेल्यावर ती धसईजवळच्या आपल्या गावी परतली. भर ग्रामसभेत सरपंच बुधाजीभाऊंनी तिला विचारलं होतं, "सहा वर्षांत काय शिकली गो, भांडी घासायला?" लोक हसले होते. प्रेमाने ते मनात ठेवलं.

२००३च्या भाद्रपदात निरोप आला. भाताची जुनी बियाणी बघायला ब्राझीलच्या दोघी बाया येणार होत्या, आणि त्या बोलायच्या पोर्तुगीज. हार घालायचा मान सरपंचांचा, पहिला शब्दही त्यांचाच. स्वागताचा शब्द शिकायला बुधाजीभाऊ मुकाट्याने प्रेमाच्या ओटीवर येऊन बसले.

शेजारची गोजाबाई आणि गावातल्या इतर बायकांना प्रेमाने नीट शिकवलं. आपलं जय भीम, रामराम कधीही चालतं, त्यांचं तसं नाही. सकाळी 'बों दिया', दुपार कलली की 'बोआ तार्द', अंधारलं की 'बोआ नोइत'. बायका भाताची बेणणी करताना, तण उपटता उपटता, घोकत राहिल्या. बुधाजीभाऊंना मात्र तिने वेगळंच दिलं, 'फेलीझ नाताल'.

"नाताल? हा नाताळ तर नाय ना?" त्यांनी डोळे बारीक केले.

"सरपंचाचं स्वागत येगळं असतं, भाऊ," प्रेमा चेहरा न हलवता म्हणाली.

पाहुण्या आल्या. बुधाजीभाऊंनी हार घातला, छाती काढली आणि "फेलीझ नाताल" ठणकावलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग थोरलीला हसू आवरेना. तिने अख्ख्या गावासमोर त्यांना मिठी मारली. बुधाजीभाऊ कानापर्यंत लाल झाले. दिवसभर ती त्यांचा हात सोडीना, प्रत्येक फोटोत त्यांना मधोमध उभं करी. प्रेमा मनात चरफडली. फजिती करायला गेले, झाला सत्कार!

जेवताना थोरलीने आपल्या भाषेत विचारलं, हे यांना कुणी शिकवलं? सोबत पाठवलेला दुभाष्या निघाला इंग्रजीचा, त्याला काही कळेना. शेवटी वाढता वाढता प्रेमानेच पोर्तुगीजमध्ये कबुली दिली. जीभ आधी अडखळली, मग धावू लागली. थोरलीने तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि तिला शेजारी बसवलं.

संध्याकाळी बुधाजीभाऊंनी प्रेमाला गाठलं. ती बाई एवढी का हसली, म्हणाले. प्रेमाने खरं सांगून टाकलं, तो शब्द म्हणजे नाताळच्या शुभेच्छा.

"सगळ्यांना सकाळ, आन् मला नाताळ?"

"तुमाला सगळं आधी लागतं ना भाऊ. तीन महिने आधी दिला."

त्यांनी आधी डोळे वटारले. मग पोट हलायला लागलं, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. उद्या बियाण्याचं बोलणं तूच कर, मी नुसता बसतो, असं म्हणाले. सकाळचा खरा शब्दही मागून घेतला.

आणि तो खरा आहे का ते विचारायला तडक गोजाबाईच्या दारात गेले.