पहिले पंचावन्न शब्द

मी एका वेबसाइटची जुनी, आता कुणी उघडत नाही अशी फीड आहे. २००७ साली माझ्यात दहा पाठ होते. प्रत्येक पाठाचे पंचावन्न शब्द आणि शेवटी तीन टिंबे. एकूण साडेपाचशे शब्द. त्यांत भौतिकशास्त्राचे सूत्र एकही नाही.

मित्रांनो, साइटवर नवे काही आले की ते वाचकाकडे पोचवायचे, हे माझे काम. बदलापूरला कात्रपच्या बुद्धविहारात यशोधराताई बारावी नापास झालेल्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवत आणि तेच पाठ साइटवर लिहीत. साइट बांधली त्यांचा विद्यार्थी बुद्धभूषण याने. मला घडवताना त्याच्यापुढे दोन पर्याय होते : पूर्ण मजकूर किंवा सारांश. त्याने सारांश निवडला. सगळे फीडमध्येच मिळाले तर साइटवर कोण येणार, आणि भेटींचा आकडा कसा वाढणार?

सारांश म्हणे! पंचावन्न शब्द झाले की मशीन कात्री चालवते, बस्स. आणि ताईंची रीत अशी, की आधी आभार. जय भीम, मग पंखे देणारे हिंदुराव, मग चहा करणाऱ्या बनूबाई. भिंगाचे नाव निघायच्या आत माझा गळा दाबलेला!

वांगणीच्या स्वप्नालीला मार्चमध्ये भौतिकशास्त्रात अठ्ठावीस गुण पडले होते. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा. घरी उल्हासनगरहून आणलेला जुना कॉम्प्युटर होता, इंटरनेट नव्हते. म्हणून ती बदलापूरच्या सायबर कॅफेत मिनिटांचे पैसे मोजून मला पेन ड्राइव्हवर उतरवून घेई. दहाही पाठ एका झटक्यात. घरी जाऊन उघडावे, तर तीन टिंबे.

शेवटी ती विहारात येऊन थडकली.

"ताई, बनूबाईंचा चहा मला पाठ झालाय. भिंगाचं सूत्र कुठाय?"

"अगं, 'पुढे वाचा'वर क्लिक कर ना," बुद्धभूषण म्हणाला.

"वांगणीला नेट कुठंय? क्लिक करू का फुंकर मारू?"

ताई हसल्या नाहीत. "भूषण, तुझा भेटींचा काउंटर पास व्हायला हवा की ही पोरगी?"

"पण ताई, साइटवर एवढी मेहनत..."

"आधी बदल. मग बोल."

त्याने तोंड वाकडे करून पर्याय बदलला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाक्य पुरे करता आले.

मित्रांनो, पंगतीत बसवून मीठ-लिंबू वाढायचे आणि भात पुढच्या घरी मिळेल म्हणायचे, असे कुणाशी करू नका. देणार असाल तर पूर्ण द्या.

ऑक्टोबरची परीक्षा. स्वप्नाली, भौतिकशास्त्र : शंभरपैकी एकसष्ट.