पाठमोरा हिशोब

"पुन्हा कर," आई म्हणाली.

चिमणीने हातातला चिटोरा उलटा केला, आईकडे पाठ फिरवली आणि कोऱ्या बाजूवर गणित नव्याने मांडायला घेतलं. मी दोन खाटा सोडून एका बाळाचा ताप बघत होते. तिथवर मला तिच्या पेन्सिलीची करकर ऐकू येत होती.

मुलांच्या वॉर्डातली सकाळच्या औषधांची वेळ होती. आई नर्सिंग कॉलेजात ट्यूटर होती. औषधाची मात्रा कशी काढायची, हा तिचा विषय, आणि त्या दिवशी त्याची वॉर्डातली परीक्षा चालू होती. मी त्याच वॉर्डात नर्स होते. शिकले होते तिच्याच हाताखाली. अंगावर युनिफॉर्म असेपर्यंत ती मला 'सिस्टर' म्हणायची आणि मी तिला 'मॅडम'. बाबा म्हणायचे, "दारात चपला काढल्या, की मग तुम्ही मायलेकी होता."

चिमणी हे त्या मुलीचं खरं नाव नव्हे. अंगाने बारीक आणि आवाजाने त्याहून बारीक, म्हणून वर्गाने तिला ते ठेवलं होतं. वर्गाने आईलाही एक नाव ठेवलं होतं, टिंबबाई. दशांशाच्या टिंबाआधी शून्य लिहिलं नाही, की आई वही तोंडासमोर धरून विचारायची, "हे टिंब आहे की माशी बसून गेली?" पोरी हसायच्या आणि पुढच्या वेळी शून्य लिहायच्या.

इतर विषयांत निम्मे मार्क पडले तरी पास होता यायचं. आईच्या विषयात एक गणित चुकलं, की नापास. "नव्वद टक्के बरोबर म्हणजे दहातल्या एकाला चुकीचं औषध गेलं," ती म्हणायची. "त्या एकाच्या घरच्यांना तुम्ही मार्कशीट दाखवणार का?" चिमणी या विषयात दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली, तर कॉलेज तिला घरी पाठवणार होतं.

मात्रा काढायची पद्धतही आईनेच घालून दिलेली. एक मात्रा दोघींनी काढायची, एकमेकींकडे पाठ करून. "शेजारी बसून केलेली दोन गणितं म्हणजे एकच गणित दोनदा लिहिलेलं." झालं की वळायचं, आकडा बोलायचा. जुळला तरच औषध भरायचं. जुळला नाही तर तिसरीला बोलवायचं, आणि आधीचे आकडे तिच्या कानावर पडू द्यायचे नाहीत. परीक्षेत दुसरी म्हणून आई स्वतः उभी राहायची. तिथे मात्र तिने एक सवलत ठेवली होती. आकडा जुळला नाही, तर नापास करण्याआधी एकदा पुन्हा काढायची संधी द्यायची. तीच संधी चिमणीला आत्ता मिळाली होती.

खाटेवर तीन वर्षांची मुलगी झोपली होती. आदल्या दिवशी तिला झटके आले होते, आणि ते परत येऊ नयेत म्हणून हे औषध होतं. तिची आई पायथ्याशी बसून तिचं पाऊल हातात धरून होती. केसपेपरवर डॉक्टरांनी किलोमागे पाच मिलीग्रॅम लिहिलं होतं. मुलगी बारा किलोची, म्हणजे साठ मिलीग्रॅम. एवढं कोणीही करेल. पुढे बघायचं ते हे, की बाटलीतल्या एका एमएलमध्ये औषध किती मिलीग्रॅम आहे. त्यावरून सिरिंजमध्ये किती भरायचं ते ठरतं.

त्यांचे आकडे मला ऐकू आले नव्हते, ते नंतर कळले. पहिल्या वेळी चिमणी म्हणाली होती, एक पॉइंट दोन एमएल. आई म्हणाली होती, सहा.

दोघी वळल्या. या वेळी दोघींचे ओठ सारखेच हलले. चिमणीने सिरिंज घेतली, औषध भरलं, उजेडाकडे धरून हवेचा बुडबुडा काढला. तिचे खांदे जरा सैल झाले होते. मला वाटलं, सुटली बिचारी.

तेवढ्यात त्या मुलीची बोटं हलायला लागली. आधी करंगळी, मग अख्खा पंजा.

"अहो सिस्टर, हात बघा ना हिचा," तिची आई उठून उभी राहिली. "परत सुरू झालं."

दारातून डॉक्टर ओरडले, "अजून दिलं नाही? द्या, द्या लवकर."

चिमणी सलाइनच्या नळीकडे वाकली. आईने सिरिंजच्या आड हात घातला.

"थांब. चूक कुठे सापडली तुला?"

"मॅडम?"

"आधी एक आकडा म्हणालीस, आता दुसराच. कुठली पायरी चुकली होती?"

चिमणीने हातातल्या सिरिंजकडे पाहिलं.

"मॅडम, पेशंट!" डॉक्टर आत येत म्हणाले.

"बघतेय मी. तुम्ही तिचा श्वास बघा," आई म्हणाली. नजर चिमणीवरच होती. "बोल पोरी. रागावत नाही मी."

"नाही सापडली."

"मग आकडा कसा बदलला?"

"दोन्ही वेळा तेच आलं, मॅडम. पण तुम्ही वेगळा आकडा म्हणालात..."

आईने तिच्या हातातून सिरिंज काढून घेतली, ट्रेमध्ये ठेवली आणि वर कापड टाकलं. "सिस्टर," तिने मान न वळवता हाक मारली, "तिसरा हिशोब. लगेच."

मी धावले. तिने केसपेपर माझ्या हातात दिला, बाटली दिली आणि दोघीही माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे पाठ केली. कापडाखाली काय आहे, मला ठाऊक नव्हतं. समोर खाटेवर तो लहान पंजा उघडमीट होत होता. मी लेबल वाचलं, गणित केलं. परत लेबल वाचलं, परत केलं. घाईत केलेल्या गणितावर विश्वास ठेवायचा नाही, हे ज्या बाईने शिकवलं होतं, तिची पाठ माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होती.

"एक पॉइंट दोन," मी वळून म्हटलं.

चिमणीने तोंडावर हात नेला.

"लेबल वाचा. मोठ्याने," आई म्हणाली.

"एका एमएलमध्ये पन्नास मिलीग्रॅम."

आईने बाटली घेतली. चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ धरून वाचली. "पन्नास," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "पन्नास."

आईच्या उभ्या नोकरीत ते औषध दहा मिलीग्रॅमचंच यायचं. त्याच आठवड्यात नवा माल आला होता, पाचपट तीव्र. बाटली तेवढीच, टोपण तेच निळं. बदलाची सूचना आमच्या नर्सेसच्या खोलीत लावली होती. कॉलेजातलं कोणी तिथे येत नसे.

तिने कापड उचललं. सिरिंज सहाच्या रेघेपर्यंत भरलेली होती.

"आई," माझ्या तोंडून निघून गेलं.

"औषध आधी, सिस्टर."

तिने ती सिरिंज बाजूला केली. "तू भर," ती चिमणीला म्हणाली. चिमणीने नवी सिरिंज फोडली. एक पॉइंट दोनच्या रेघेवर येऊन तिची बोटं थांबली. मी तपासलं. डॉक्टरांनी मान हलवली. नळीतून औषध हळूहळू आत जाईपर्यंत आई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होती. तिने कशालाही हात लावला नाही. आम्ही सगळेच त्या पंजाकडे बघत होतो. तो एकदा घट्ट मिटला, सैल पडला, पुन्हा थोडा हलला आणि मग चादरीवर नुसता उघडा राहिला.

मुलीची आई रडत हसली. "झालं ना? आता ठीक आहे ना?"

"आता ठीक आहे," आई म्हणाली. "पण एक सांगायचंय तुम्हाला. माझ्याकडून मात्रा चुकली होती. दिली गेली नाही, पण भरली गेली होती. जास्त होती."

डॉक्टरांनी चमकून आईकडे पाहिलं.

"जास्त म्हणजे?"

"श्वास बंद पडू शकला असता, इतकी."

त्या बाईने लेकीला उचलून छातीशी घेतलं. आईला नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्हीच शिकवता ना या मुलींना?"

"हो," आई म्हणाली.

प्रिन्सिपॉल बाईंनी आम्हा तिघींना आत घेतलं आणि स्वतः उठून दार लावलं.

"मूल बरं आहे ना? मग विषय कशाला वाढवायचा? तुम्ही रिटायर व्हायला आलात, मॅडम. शेवटी शेवटी नावाला डाग कशाला? ही मुलगी पास, तुम्ही मोकळ्या."

"ही पास नाही. हिचं पहिलं उत्तर बरोबर होतं, पण मुलीच्या अंगात दुसरं जाणार होतं."

चिमणीचा चेहरा पडला.

"म्हणजे हिला घरी पाठवायचं?"

"छे. परीक्षा रद्द करा. परीक्षकच नापास झाली, तर ती परीक्षा कसली? हिची तिसरी संधी अजून वापरलीच गेलेली नाही. सगळ्यांची परत घ्या, या वेळी वर्गात, लेखी. पेपर आमच्या धाकट्या ट्यूटरना काढू द्या."

"आणि तुम्ही काय करणार? देखरेख?"

"मी बसणार."

"कुठे बसणार?"

"बाकावर. जो चुकतो त्याने पास होईपर्यंत औषधाला हात लावायचा नाही. नियम माझाच आहे."

प्रिन्सिपॉल बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तरी समजवा आईंना." त्या खोलीत ती माझी आई नव्हती.

संध्याकाळी घरी मात्र मी भांडले. भाजी चिरता चिरता म्हटलं, "चूक तुझी नव्हतीच. सूचना कॉलेजात लावायला नको होती का कोणी?"

"लेबल बाटलीवरच होतं."

"अगं, टोपण तेच, बाटली तीच! कोणीही फसलं असतं."

"चिमणी नाही फसली. तिला काहीच पाठ नव्हतं, म्हणून तिने वाचलं." ती गॅससमोर उभी होती, हातातला चमचा तसाच. "मी टोपण बघितलं आणि आत काय आहे ते ठरवून टाकलं. मला सांग, याआधी कितीदा मी न वाचताच बरोबर आले असेन?"

बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "तुझं मीठ रोज चुकतं, आम्ही जिवंत आहोत ना?" एरवी या विनोदावर ती लटकं रागवायची. त्या दिवशी तिने गॅस बारीक केला आणि पाठमोरीच म्हणाली, "ती पोर मला घाबरली. आपलं गणित बरोबर आहे हे दिसत असून घाबरली. ती भीती तिच्यात कोणी भरली? मीच ना?"

बाबांनी पेपर घडी करून ठेवला.

आई गेल्याला आता वर्ष होईल. तिच्या विद्यार्थिनी अजून भेटायला येतात. टिंबाच्या आणि माशीच्या गोष्टी सांगतात, हसतात, मग डोळे पुसतात. परत घेतलेल्या त्या परीक्षेबद्दल कोणी बोलत नाही. माझं मन राखायचं म्हणून असेल, किंवा तिचा मान राखायचा म्हणून. मला मात्र ती गेल्यापासून त्याच दिवसाची आठवण सर्वांत जास्त येते. त्या परीक्षेत दोघीही पास झाल्या. आई निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली, पण पुन्हा काढायची ती सवलत तिने कायमची बंद केली. आकडा जुळला नाही, की मग समोर कोणीही असो, सरळ तिसरीला हाक.

परीक्षेच्या दिवशी माझी ड्यूटी संपली होती. कॉलेजच्या व्हरांड्यातून जाताना मी वर्गाच्या खिडकीपाशी थांबले. मुलींच्या रांगांमध्ये आई बसली होती. बाक मुलींच्या मापाचा, तिचे गुडघे खालच्या फळीला टेकत होते. आजूबाजूच्या मुली तिच्याकडे बघायचं टाळत होत्या, इतकं की सगळ्यांच्या माना अवघडल्यासारख्या दिसत होत्या. तिला पुरवणी हवी होती. तिने हात वर केला. पेपर काढणारी धाकटी ट्यूटर तिचीच जुनी विद्यार्थिनी. ती लगबगीने येत म्हणाली, "बसा ना मॅडम, देते मी." तरी आई उभी राहिली, पुरवणी दोन्ही हातांनी घेतली, मग बसली.

चिमणी शेजारच्याच रांगेत होती. एका गणितापाशी ती अडली असावी. पेन्सिल दातात धरून तिने वर पाहिलं, आणि तिची नजर सावकाश आईच्या कागदाकडे सरकत गेली. आईने मान वर केली नाही. लिहिता लिहिताच तिने डावा हात उचलला आणि कागदाच्या कडेला आडवा ठेवला, बोटं जुळवून, आतलं काही दिसणार नाही असा.

चिमणी क्षणभर त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने पेन्सिल दातातून काढली आणि स्वतःच्या कागदावर वाकली.